करंगळी

सुरतेच्या लिंबायतमधल्या त्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या दाराचा संडास होता आणि त्याच्या मागच्या भिंतीतली एक वीट निघालेली होती. त्या भोकातून खाडी दिसायची. वरच्या अंगाला कापड रंगवणाऱ्या गिरण्या होत्या, त्यामुळे खाडीचं पाणी कधी गुलाबी यायचं, कधी शेवाळी, कधी जांभळाच्या रसासारखं. सकाळी कोणता रंग होता आणि दुपारी कोणता झाला, हे अख्ख्या गल्लीत फक्त हर्षदाला ठाऊक असायचं. कारण दिवसातून पंधरा-सोळा वेळा तिथे जाणारी ती एकटीच होती.

शहाण्णव सालची गोष्ट. हर्षदा चौदा वर्षांची, नववीत. तिचे वडील सुकदेव, म्हणजे आप्पा, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीवर जात. आई उषाबाई घरी बसून साड्यांना चमचमती टिक्की लावायची. मूळ गाव शिरपूरकडचं, पण हर्षदाला आठवायला लागल्यापासून घर म्हणजे ही एकच खोली. खोलीच्या मागच्या भिंतीला लागून कुणाचा तरी लूमचा कारखाना होता. भिंत दिवसरात्र बारीक थरथरायची आणि कोपऱ्यातल्या हंड्यात पाण्यावर गोल गोल वळ्या उठत राहायच्या. लहानपणी हर्षदा त्या भिंतीला डोकं टेकून झोपायची. तो आवाज हळूहळू आवाज राहायचा नाही, आपण कुणाच्या तरी मोठ्या छातीवर निजलोय असं वाटायचं. आता मात्र हंड्याकडे नजर गेली की ती मान फिरवायची. पाणी हललेलं नुसतं दिसलं तरी ओटीपोटात कळ यायची.

पाणी प्यायलं तरी कळ, नाही प्यायलं तरी कळ. घरातून निघायच्या आधी एकदा जायचं, चपला घातल्यावर पुन्हा एकदा. झोपायच्या आधी दोनदा. आता लघवी लागलेली नाही, पण पुढे लागली तर? म्हणून आधीच जाऊन यायचं. गेल्यावर चार थेंब. बाहेर येऊन हात धुतले की वाटायचं, राहिलंय अजून.

शाळेत मुलींसाठी दोनच संडास होते आणि एकाला कडी नव्हती, बाहेरून कुणीतरी दार धरून उभं राहावं लागे. म्हणून हर्षदा सकाळी निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. तोंड सुकून चिकट व्हायचं. तरी तासाला दोनदा करंगळी वर करावी लागायचीच. आधी बाई हो म्हणायच्या, मग नुसती मान हलवायच्या, मग बघेनाशा झाल्या. मागच्या बाकावरची मुलं ती रस्त्यात दिसली की करंगळी वर करून दाखवायची. मुलींनी तिचं नावच करंगळी ठेवलं. घरी आली की ती ओळीने तीन कप चहा प्यायची, वर दोन तांबे पाणी, आणि मग रात्र अशीच उठण्या-बसण्यात जायची. तासाला ती फळ्याकडे बघत असायची, पण दिसायचं भलतंच. रात्रीच्या अपुऱ्या झोपेने वर्ग पाण्याखाली असल्यासारखा हलत राहायचा आणि बाईंचा आवाज लांबून, काठावरून आल्यासारखा यायचा.

उषाबाईच्या हे लक्षात आणून दिलं ते शांताबाईने. शांताबाईची खोली संडासासमोरच होती.

"उषा, राग नको धरू," ती दुपारी टिक्कीचा डबा मागायला आली तेव्हा म्हणाली, "तुनी पोर सकायपासून सातवा वार गई. पोट बिघडेल शे का तिनं?"

"नही वं. तिले सवयच शे," उषाबाई म्हणाली. पण सुई धागा तिच्या हातात तसाच राहिला.

त्या दिवसापासून तिने पोरीवर नजर ठेवली आणि मग तिला जे सुचलं ते सगळं केलं. तीळ कुटून गुळात वळून रोज दोन लाडू खायला घातले. दिवेलागणीनंतर हंड्यावर ताट झाकून त्यावर वरवंटा ठेवला, म्हणजे पोर पाणी पिणार नाही. त्याने झालं इतकंच, की लघवी गर्द पिवळी व्हायला लागली, तिला वास येऊ लागला आणि कळ आणखी लवकर लवकर यायला लागली. उषाबाईच्या मनात दोन शब्द सारखे घोळत होते. एक डायबिटीस. तिच्या मावशीला तो होता आणि मावशी अशीच उठायची. दुसरा शब्द ती मनातसुद्धा पुरा उच्चारत नव्हती, तो पोरीच्या लग्नाच्या आड येणारा होता.

सुकदेवला सांगायचं तर पंचाईत होती. लूमच्या खडखडाटात इतकी वर्षं काढून तो कमी ऐकायचा, त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. त्याला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे ती गल्लीला सांगणं. म्हणून मायलेकींनी त्याला काहीच सांगितलं नाही.

मग एका मंगळवारी भूगोलाच्या तासाला हर्षदाने तिसऱ्यांदा करंगळी वर केली. रुक्मिणीबाई नकाशावर काठी ठेवून वळल्या.

"आत्ताच जाऊन आलीस ना? बस खाली."

बाई रागीट नव्हत्या, कंटाळल्या होत्या. हर्षदा बसली. पाय आवळून, नखं तळव्यात रुतवून तिने उरलेली वीस मिनिटं काढली. काही झालं नाही. थेंबही आला नाही. पण घंटा झाली तेव्हा तिच्या पाठीला झगा चिकटला होता, आणि घरी येऊन तिने दप्तर खुंटीला अडकवलं ते शनिवारपर्यंत काढलं नाही.

"माले शाळामा नही जानं," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी उषाबाई तिला घेऊन सुमनबेनकडे गेली. सुमनबेन डॉक्टर होत्या, गुजराती, पन्नाशीच्या. लिंबायतच्या मोठ्या रस्त्यावर एका किराणा दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना होता. वीस वर्षं खानदेशी बायका तपासून त्यांची एक वेगळीच भाषा झाली होती, थोडी गुजराती, थोडी मराठी, थोडी अहिराणी. कुणाला हसू यायचं, पण न समजलेलं असं काही राहायचं नाही.

"बोल बेटा," त्या हर्षदाला म्हणाल्या. उषाबाई बोलायला लागली तर त्यांनी हात वर केला. "माय नंतर. आधी तू."

हर्षदा टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मग खूप हळू म्हणाली, "सारखं जावं लागतं."

"बळतरा थाय छे? जळजळ?"

"नाही. थोडी, पिवळी झाली की."

ताप? रक्त? पाठीत दुखणं? वजन उतरलंय? सारखी तहान लागते? शौचाला साफ होते का? पाळी येते का, कधीपासून? असं सुमनबेन एकेक विचारत गेल्या. हर्षदा मान हलवत गेली. हे प्रश्न कुणी इतके सरळ, भाजीचा भाव विचारावा तसे विचारू शकतं हेच तिला नवीन होतं. मग उषाबाईला बोलू दिलं, तेव्हा तिने तिळाचे लाडू आणि हंड्यावरचा वरवंटाही सांगितला. शेवटी सुमनबेननी हर्षदाचं पोट हळूच दाबून पाहिलं, एक स्वच्छ बाटली दिली आणि लघवी आणि रक्त तपासायला पाठवलं.

"तीन दिवस एक काम कर," त्या म्हणाल्या. "वही घे. जेव्हा जाशील तेव्हा घड्याळ बघून लिही. एक जुना कप ठेव, त्याने माप. किती झाली ते लिही. काय प्यायलीस, किती, ते बी लिही. चहा वेगळा लिही. आणि हे वरवंट्याचं ताट काढून टाक, उषाबेन. पाणी बंद नाही करायचं."

हर्षदाने वहीच्या मागच्या पानांवर तीन दिवस लिहिलं. सहा दहा, पाव कप. सहा चाळीस, पाव कपाहून कमी. सात पाच, चार थेंब. पहिल्या दिवशी लिहिताना तिला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वाटेनाशी झाली, कुठल्यातरी दुसऱ्याच मुलीबद्दल लिहितोय असं वाटायला लागलं. भोकातून खाडी दिसायचीच, तर समासात तिने तेही लिहिलं. गुलाबी. राखाडी. मोरपंखी.

सुमनबेनने चष्मा लावून ती पानं वाचली. समासावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय?"

"खाडीचं पाणी."

त्या हसल्या नाहीत. पुढचं पान उलटलं, तेही समासासकट वाचलं. मग रिपोर्टचे कागद उषाबाईपुढे ठेवले.

"शुगर नथी. इन्फेक्शन नथी. सगळं साफ शे."

उषाबाईने डोळे मिटून हात जोडले.

"पण रोग नाही म्हणजे त्रास नाही, असं नाही हां," सुमनबेन म्हणाल्या. त्या आता हर्षदाशीच बोलत होत्या. "बघ. एका दिवसात सोळा वेळा. प्रत्येक वेळी पाव कप. तुझ्या वयाच्या मुलीची लघवीची पिशवी एका वेळी दीड-दोन कप आरामात धरते. तुझी बी धरेल. पण तू तिला भरूच देत नाहीस. भरायच्या आधीच रिकामी करतेस, मग तिला तेवढ्याचीच सवय झाली. जरा काही आलं की ती ओरडते. वरून दिवसभर पाणी नाही, मग लघवी घट्ट होते, ती आतून टोचते. वरून तीन कप चहा, तो आणखी डिवचतो. समजलं?"

हर्षदाने मान हलवली.

"आता मला सांग, हे आधीच जाऊन येणं कधी सुरू झालं?"

"दोन वर्सं व्हयनात," उषाबाई म्हणाली.

खालच्या दुकानातून धान्य मोजल्याचा सळसळ आवाज येत होता. त्या आवाजात हर्षदाला झोप आल्यासारखं झालं, आणि त्या झोपेतूनच बोलावं तशी ती बोलायला लागली.

चौऱ्याण्णवच्या, प्लेगच्या सप्टेंबरात. शाळा बंद झाल्या होत्या, औषधांच्या दुकानात गोळ्या नव्हत्या, माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरत होती. आप्पांनी शिरपूरकडे जाणाऱ्या एका ट्रकमध्ये जागा मिळवली. मागे ताडपत्रीखाली चाळीसेक माणसं होती. मायने निघताना उकळलेलं पाणी तिला तांब्याने पाजलं होतं, वाटेत कुठलं प्यायचं नाही म्हणून. चलथाण आलं, दोन्ही बाजूंना ऊस उभा. तेव्हाच तिला लागली. बारडोलीला ती आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, आप्पा, माले जानं शे. आप्पा रस्त्याकडे बघत राहिले. व्याऱ्याला ती पुन्हा म्हणाली. आप्पांनी मान वळवली नाही. तेव्हा तिला कळलं की हे विचारायचं नसतं. लोक मरायला लागलेत आणि आपण हे विचारतोय. मग दुपारच्या उन्हात ताडपत्री तापली आणि तिला झोप लागली.

"स्वप्नात लूम होता," हर्षदा म्हणाली. "त्यातून निळं कापड निघत होतं. थांबतच नव्हतं. मी त्याच्यावर झोपले होते. ते गरम होतं. ट्रकमधून बाहेर पडून शेतांवरून चाललं होतं, गावापर्यंत. खूप बरं वाटत होतं."

ती थांबली.

"मग जाग आली. शेजारच्या बाबांचं गाठोडंसुद्धा भिजलं होतं."

गल्लीतलीच एक मुलगी तेव्हा खुदकन हसली होती. उषाबाईने लेकीवर चादर टाकली होती आणि त्या गोष्टीबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नव्हता. तिला वाटलं होतं, न बोलल्याने पोर विसरेल.

"मी तं इसरी गयती," ती आता पदर तोंडाला लावून म्हणाली.

"ती नाही विसरली," सुमनबेन म्हणाल्या. "दोन वर्षं ती रोज त्या ट्रकमध्ये बसते आणि बसायच्या आधी जाऊन येते."

त्यांनी औषध लिहून दिलं नाही. सांगितलं ते असं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडं थोडं करून सहा-सात पेले पाणी, शाळेतसुद्धा. झोपायच्या आधी दोन तास बेताने. चहा सकाळचा एकच. लागलेली नसताना जायचं नाही. कळ आली की धावायचं नाही. जिथे असू तिथे थांबायचं, जमलं तर बसायचं, श्वास खाली सोडायचा, मन दुसरीकडे न्यायचं. कळ येते तशी जाते. ती गेल्यावर पाच मिनिटांनी उठायचं आणि चालत जायचं. पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं, मग पंधरा. गेल्यावर घाई करायची नाही, पुरतं होऊ द्यायचं.

"पण हे बी ऐक," त्या उठता उठता म्हणाल्या. "थांबणं वेगळं आणि दाबून धरणं वेगळं. तीन-चार तास झाले, खरंच भरली, तर जायचं. तेव्हा धरून ठेवली तर नवीन आजार. आणि जळजळ, ताप, रक्त, खूप तहान, काही झालं तर वही बाजूला ठेवून सरळ माझ्याकडे. आणि बापाला सांग."

"त्यांना ऐकू येत नाही," हर्षदा म्हणाली.

"तर लिहून दे."

त्या भागातल्या कारखान्यांना आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची. त्या दिवशी लूम थांबत आणि लिंबायत अनोळखी होऊन जाई. भिंत थरथरायची नाही, हंड्यातलं पाणी आरशासारखं व्हायचं, दोन गल्ल्या पलीकडचं कोंबडं ऐकू यायचं. अशा एका दुपारी हर्षदाने वही सुकदेवच्या पुढ्यात ठेवली. ट्रकची गोष्ट तिने दीड पानात लिहिली होती. सुकदेव सातवी शिकलेला. ओळीखाली बोट सरकवत, ओठ हलवत त्याने ती वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"तू माले सांगं व्हतं?" त्याने विचारलं. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

हर्षदाने दोन बोटं दाखवली. दोनदा.

"कोनता कानमा?"

तिने त्याच्या डाव्या कानाला हात लावला.

त्याने डोक्यावरून हात फिरवला, उठून दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसला.

"तो कान कव्हयच गया, बेटा," तो म्हणाला. "त्यामा काहीच उरेल नही. मी कोनले सांगं नही. शेठले समजतं तं माले काढी टाकतं. तुन्या मायले बी सांगं नही."

उषाबाई चुलीपाशी होती. ती तशीच वळून बघत राहिली. दोघांच्या संसाराला सतरा वर्षं झाली होती.

"म्हणजे तुम्ही ऐकलंच नव्हतं?" हर्षदाने विचारलं. आवाज वाढवायचं भान तिला राहिलं नाही, पण सुकदेवला तिच्या ओठांवरून कळलं असावं.

"ऐकतू तं ट्रकन्या पुढे आडवा पडतू," तो म्हणाला.

सुकदेवने लेकीचा हात हातात घेतला आणि तसाच झोपून गेला. लूम बंद असताना त्याला झोप लागायला वेळ लागत असे, त्या दिवशी लगेच लागली. हर्षदाला मध्ये एकदा कळ आली. हात सोडवून घ्यावासा वाटेना, म्हणून ती बसून राहिली. छपराच्या फटीतून येणारा उन्हाचा कवडसा ताटावर होता, तो ताटावरून तांब्यावर गेला, तांब्यावरून भिंतीवर चढला. मग तिच्या ध्यानात आलं की कळ केव्हाच गेलीय.

पुढचे आठवडे काही सरळ गेले नाहीत. पहिल्या चार दिवसांत ती दोनदा रडली आणि एकदा धावली. पाणी वाढवल्यावर आधी तर जास्तच वेळा जावं लागलं, उषाबाई घाबरली, पण वरवंट्याला तिने हात लावला नाही. मन दुसरीकडे न्यायचं म्हणजे कुठे न्यायचं, हे हर्षदाला फार शोधावं लागलं नाही. कळ आली की ती उंबऱ्यावर बसायची, दोन्ही पावलं जमिनीला टेकवायची आणि भिंतीतून येणाऱ्या लूमच्या आवाजात एकेक गाव घालायची. नवापूर, साक्री, धुळे. धुळे, नरडाणा, शिरपूर. प्रत्येक ठोक्याला एक गाव. शिरपूरला पोचेपर्यंत कळ निम्मी झालेली असायची, कधी कधी ती गावात शिरून मामाच्या अंगणापर्यंत जायची, तिथे कुणी बाजेवर बसलेलं असायचं, कोण ते दिसायचं नाही.

शाळेत उषाबाई रुक्मिणीबाईंना भेटायला गेली. काय आणि कसं सांगायचं ते तिने वाटेत तीनदा घोकलं होतं, पण बाईंनी ते पुरं होऊच दिलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी स्वतः घरी जाईपर्यंत पाणी पीत नाही. जाणार कुठे? मास्तरांच्या संडासाची किल्ली मागायचीच लाज वाटते." दुसऱ्या दिवशी त्यांनी हर्षदाला मास्तरांच्या खोलीमागच्या संडासाची किल्ली कुठे टांगलेली असते ते दाखवलं. करंगळी वर करायची नाही, विचारायचं नाही, लागली की किल्ली घेऊन जायचं. गंमत अशी की केव्हाही जाता येतं हे कळल्यावर तासाला जायची गरज आपोआप कमी झाली. मागच्या बाकावरच्यांनी आणखी काही दिवस बोटं दाखवली. मग त्यांना चिडवायला दुसरं कुणीतरी मिळालं.

पाव कपाचा अर्धा कप झाला. अर्ध्याचा एक. जुलै सरेपर्यंत वहीत सोळाच्या जागी दहा आले, ऑगस्टात आठ. एका रात्री ती एकदाही उठली नाही आणि सकाळी उषाबाईनेच तिला हलवून जागं केलं, काही झालंय का म्हणून.

श्रावणात कानबाई बसली. गल्लीतल्या खानदेशी घरांनी त्या वर्षी मिळून बसवली होती. रविवारी चौरंगावर नारळाची देवी मांडली, तिला डोळे लावले, नथ घातली, रोटांचा नैवेद्य झाला, रात्रभर गाणी झाली. सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत तापीवर न्यायचं होतं. चौरंग बायकांनी आळीपाळीने डोक्यावर घ्यायचा आणि देवीपुढे दिव्याचं ताट धरून हर्षदाने चालायचं, असं बायकांनी ठरवलं.

हर्षदा ते ऐकून आत जाऊन बसली. मिरवणूक नाचत नाचत जाते. नदीपर्यंत चार तास तरी लागतात. भररस्ता, शेकडो माणसं, आणि हातात दिवा.

"नको वाटस तं नको जाऊ," उषाबाई म्हणाली.

"जासू," हर्षदा थोड्या वेळाने म्हणाली.

सकाळी ती एकदा जाऊन आली. खाडी त्या दिवशी कोणत्या रंगाची होती ते तिने पाहिलं नाही, गल्लीत बँडवाले आले होते. चपला घातल्यावर पाय पुन्हा तिकडे वळू लागले, ते तिने वळू दिले नाहीत.

आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस नव्हता. सनई आणि ढोल सुरू झाले, बायका फुगड्या घालत पुढे निघाल्या. ताटातल्या ज्योतीला हात आडवा धरून हर्षदा चालत होती. ज्योतीकडे बघत चाललं की बाजूची दुकानं, रिक्षा, थांबलेली माणसं सगळी विरघळल्यासारखी होत. तिच्या मागे शांताबाईच्या डोक्यावर कानबाई डुलत होती. तासाभराने कळ आली. हर्षदा नाचणाऱ्यांच्या मागे क्षणभर थांबली, श्वास खाली सोडला, ढोलाच्या ठोक्यात नवापूर, साक्री, धुळे म्हणत राहिली. कळ गेली.

सहारा दरवाज्याच्या अलीकडे ती पुन्हा आली. ही निराळी होती. खालून, सावकाश, जड. हर्षदाने मनात हिशेब केला. निघाल्याला तीन तास होऊन गेले होते, दोनदा पाणी प्यायलं होतं. ही खरी. हिच्यासाठी थांबायचं नाही. रस्त्याच्या पलीकडे महापालिकेने नवं बांधलेलं सुलभ शौचालय होतं, पांढऱ्या फरशीचं, बाहेर निळी पाटी.

सुकदेव बँडच्या बाजूने चालत होता. ती त्याच्या उजवीकडे गेली.

"आप्पा, माले जानं शे."

सुकदेवने तिच्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या पाटीकडे. मग बँडवाल्यांच्या पुढे जाऊन त्याने दोन्ही हात वर केले. आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कधीच कळायचं नाही.

"थांबा रे. मन्ही पोरले बाथरूमले जानं शे."

ढोल थांबला. सनई एक सूर ओढून थांबली. सबंध रस्त्यावर एकाएकी शांतता झाली, लूम बंद असतात त्या दिवसासारखी. हर्षदाच्या कानशिलातून वाफ निघाली. तिने मान खाली घातली आणि कुणीतरी हसेल म्हणून वाट बघत उभी राहिली.

"सुकदेवभाऊ," मागून शांताबाईचा आवाज आला, "हाई चौरंग धर. माले बी जानं शे."

"माले बी," कुणीतरी म्हणालं.

"मी तं घरथीनच धरी बसेल शे," तिसरी म्हणाली, आणि आता बायका हसल्या, पण ते हसू वेगळं होतं. पदर खोचत, एकमेकींचे हात धरत त्या रस्ता ओलांडायला लागल्या. दोन, पाच, अकरा. नव्या नवरीपासून साठीच्या म्हातारीपर्यंत. उषाबाईने हर्षदाच्या हातातलं ताट घेऊन ते शेजारच्या एका बाप्याच्या हाती दिलं आणि तीही निघाली.

"तू बी?" हर्षदाने विचारलं.

"मी काय मानूस नही का?" उषाबाई म्हणाली.

आत रांग लागली. हर्षदाला बायकांनी पुढे घातलं. दाराला कडी होती. तिने ती लावली, घाई केली नाही, पुरतं होऊ दिलं. बाहेर शांताबाई नळाखाली हात धरून कुणाला तरी सांगत होती की ती सकाळपासून पाणीच प्यायलेली नाही, आणि दुसरी म्हणत होती, आता पी, नदी अजून लांब शे.

रस्त्यात पुरुष खोळंबले होते. देवीला जमिनीवर टेकवता येत नाही, म्हणून सुकदेव आणि आणखी एक जण चौरंग दोन्ही हातांवर तोलून उभे होते. रिक्षावाले हॉर्न न वाजवता बाजूने जात होते. बँडवाल्यांनी विड्या पेटवल्या होत्या. ओल्या हातांनी बायका एकेक करून बाहेर येत होत्या, आणि त्या सगळ्या येईपर्यंत कानबाई भर चौकात, आभाळाखाली, नथ घालून शांत थांबलेली होती.